ड्रॉइंगवर काही ठेवायचं नसतं

सव्वीस वर्षांत विजया देवस्थळींनी चालू ड्रॉइंगवर कोणाला चहाचा कप ठेवू दिला नव्हता. कपच काय, कोपरही नाही. भोपाळच्या त्या सरकारी कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात शिस्तच तशी होती: शाई ओली असताना कागदावर काही म्हणजे काही ठेवायचं नाही. बाई त्यात इतक्या मुरल्या होत्या, की टाउनशिपच्या क्वार्टरमध्ये नवऱ्यानं त्यांच्या शब्दकोड्यावर चष्मा ठेवला तरी खेकसायच्या.

शहाण्णव साली वरून आलं, हातानं ट्रेसिंग करणारे आता नकोत. कॉम्प्युटरवर काही करून दाखवेल तो राहील, बाकीचे स्टोअरमध्ये. म्हणजे नटबोल्टच्या पावत्या फाडत निवृत्तीची वाट बघायची. बाईंच्या पायाखालची जमीनच सरकली. मग त्या संतापल्या आणि त्याच तिरीमिरीत जवाहर चौकातल्या एका क्लासला नाव घालून आल्या.

तिथं लेकीच्या वयाच्या मुलींशेजारी बसून त्यांनी प्रोग्रॅम लिहायला घेतला. पडद्यावर ड्रॉइंग उघडायचं आणि माउसनं त्यावर लाल दुरुस्त्या करायच्या. बटण दाबलं की रेघ सुरू, माउस सरकेल तशी पुढे, बटण सोडलं की संपली. सांगायला तीन वाक्यं, करायला चार महिने. सुरुवातीला तर हात वर नेला की रेघ खाली पळायची.

"अगं, सोड ना आता," नवरा म्हणाला.

"तुम्ही गप्प बसा."

दाखवायच्या दिवशी ड्रॉइंग ऑफिसचे प्रमुख दुबे साहेब यांच्यासमोर रेघ सुरेख उमटली. साहेब खूश. त्यांनी काहीतरी आकडेमोड करायला पडद्यावरच कॅल्क्युलेटर उघडला, तो नेमका ड्रॉइंगवर आला. त्यांनी तो बंद केला, तर त्याखालचं ड्रॉइंग दुरुस्त्यांसकट गायब! नुसता पांढरा चौकोन.

"मॅडम, ये तो मिट गया," साहेब म्हणाले आणि मीटिंगला निघून गेले.

बाईंनी स्वतः कॅल्क्युलेटर उघडून बंद केला, पुन्हा तेच. चार महिन्यांत त्यांनी आपल्या ड्रॉइंगवर दुसरी विंडो एकदाही उघडली नव्हती. कशी उघडतील? हातच धजावला नसता. सव्वीस वर्षांची शिस्त अशी ऐन वेळी अंगाशी आली.

जेवणाचा डबा तसाच ठेवून त्यांनी पुस्तक चाळलं, तेव्हा उलगडा झाला. पडदा काहीच लक्षात ठेवत नाही. वरचं हटलं की तो प्रोग्रॅमला फक्त सांगतो, पुन्हा काढ. प्रत्येक रेघ आपणच जपून ठेवायची आणि त्यानं मागितलं की सगळ्या पहिल्यापासून काढायच्या.

"कसला मेला नालायक कागद हा!" बाई पुटपुटल्या. पण चार वाजेपर्यंत त्यांनी ते करून टाकलं.

साहेबांनी कॅल्क्युलेटर तीनदा उघडला, तीनदा बंद केला. रेघा जागच्या जागी.

"बढ़िया! अब सोमवार से पहले ये उदय को सिखा दीजिए." उदय म्हणजे गेल्या महिन्यात लागलेला इंजिनीअर. "सोमवार को तो आप स्टोर जॉइन करेंगी न. ऑर्डर मंगल को ही साइन हो गया था."

"मंगल को? तो आज सुबह आपने देखा किसलिए?"

"आपने इतनी मेहनत की थी, मॅडम. मना कैसे करते?"

बाईंनी प्रोग्रॅमची फ्लॉपी काढून पर्समध्ये टाकली. चार महिन्यांत पहिल्यांदा त्यांना रडू आलं, तेही साहेबांसमोर, आणि सगळ्यात जास्त राग त्यांना त्याचाच आला.