पंच नसलेला सांधा

इथले भुताखेतांचे अनुभव मी बऱ्याच दिवसांपासून वाचतोय, आणि खरं सांगायचं तर बहुतेक चिडून वाचलेत. माझे वडील कामगार चळवळीतले. आमच्या दापोडीच्या घरी पाहुणा आला की त्याला बसायला जागा करायची म्हणजे आधी पत्रकांचे गठ्ठे उचलायचे. करणी, भानामती, अंगात येणं यांच्या विरोधातली पत्रकं मी शाळेत असताना बाजारात उभा राहून वाटलीत. लोक त्यात भजी बांधून न्यायचे, तरी वाटलीत. त्यामुळे माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता, आणि आजही नाही. पण डोळ्यांनी पाहिलेलं केवळ आपल्या मतात बसत नाही म्हणून सांगायचं नाही, हा अप्रामाणिकपणा झाला. म्हणून लिहितोय.

मी वेल्डिंगच्या क्वालिटीचं काम बघतो. आमचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप चाकण भागात, महाळुंग्याच्या बाजूला. मालकांना सगळे तात्या म्हणतात. मूळचे इथलेच शेतकरी. जमिनीत कंपन्या आल्या तसे तात्या लोखंडात आले. गेल्या वर्षी आमच्याकडे एका पॅकिंग कंपनीचं काम होतं. त्यांच्या चालू शेडमध्ये माल ठेवायला लोखंडी माळा उभा करायचा. वर टनावारी खोकी, खाली पॅकिंगची टेबलं. त्या टेबलांवर बसणाऱ्या सगळ्या बायका कंत्राटी. ऑफिसची केबिन माळ्याखाली येत नव्हती, हे ड्रॉइंग बघताना माझ्या लगेच लक्षात आलं होतं. अशा गोष्टी माझ्या लक्षात येतातच, घरचं वळण आहे.

आणि त्या बायकांमध्ये माझी सारिका वहिनी होती. माझ्या सख्ख्या भावाची बायको. काम होईपर्यंत त्यांची टेबलं दुसऱ्या कोपऱ्यात सरकवली होती. माळा झाला की ती परत खाली येणार होती, आणि वहिनीचं टेबल बरोबर एका खांबाशेजारी.

आता वायरबद्दल थोडं सांगावं लागेल, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. आम्ही वापरतो ती वेल्डिंगची वायर आतून पोकळ असते आणि त्यात पावडर भरलेली असते... फ्लक्स. काही वायरींना वितळलेलं लोखंड हवेपासून वाचवायला बाहेरून गॅस लागतो. त्या शेडमध्ये समोरासमोर दोन मोठी शटर होती, धूर जायला ती उघडी ठेवावी लागायची आणि वारा आरपार वाहायचा. वाऱ्याने गॅस उडतो, सांध्यात भोकं राहतात. म्हणजे बिनगॅसची वायर हवी. त्यातही दोन जाती. एक स्वस्त, पातळ पत्र्यासाठी, एकच थर मारायची. दुसरी जाड प्लेटसाठी, जिच्यावर थरावर थर चालतात. आमच्या प्लेटा वीस एमएमच्या. तात्यांनी पहिल्या जातीची वायर आणली.

"तात्या, ही चालणार नाही. एका थराची आहे. चार थर मारले तर सांधा ठिसूळ होईल."

"आरं, वायर ती वायर. वितळती का न्हाई? मंग चिकटती बी."

"खोक्यावर लिहिलंय."

"खोक्यावर काय बी लिवत्यात. बिस्किटाच्या पुड्यावर गाय असती, म्हनून काय पुड्यातनं दूध काढतो का आपण?" शेडमधले सगळे हसले. तात्यांना हशा मिळाला की ते थांबत नाहीत. "तुजा बाप गेटावर पत्रकं वाटायचा. तू माज्याच शेडात वाटाया लागला व्हय?"

मी म्हटलं, वाटतो. आणि त्याच वायरने एक जाड तुकडा जोडून घेतला, वर्कशॉपच्या प्रेसखाली धरला. वाकायच्या आधीच तो तुटला. आवाज असा झाला की चहावाल्याने वळून पाहिलं. तात्यांनी तुटलेला तुकडा उचलला, आतला दाणेदार भाग अंगठ्याने चोळला. त्याच संध्याकाळी स्वस्त वायरीची सगळी रिळं टेम्पोत घालून परत गेली, आणि मी सांगितलेल्या वायरीची ऑर्डर गेली. तात्यांचं हे मला मान्य करावं लागेल — ते वाद घालतात, पण डोळ्यांना दिसलेलं नाकारत नाहीत. नवी वायर यायला चार-पाच दिवस लागणार होते. तोवर साइटवर वायरीचा एक तुकडाही नव्हता. वहिनीच्या टेबलाजवळच्या खांबावर बीम बोल्टने अडकवून ठेवला होता, सांधा उघडा.

मग गुरुवार आला. आमच्याकडे औद्योगिक भागात साप्ताहिक सुट्टी बहुतेक ठिकाणी गुरुवारी असते, कारण दुरुस्तीसाठी लाईटही गुरुवारीच बंद ठेवतात. त्या दिवशीही बंद होती. मी आणि आमचा वेल्डर दिगंबर, दोघंच साइटवर गेलो होतो — राहिलेल्या सांध्यांवर खुणा करायला. दिगंबर बीडकडचा. शटर दोन्ही बंद, वॉचमनने छोटा दरवाजा उघडून दिला आणि तो परत गेटवर जाऊन बसला. भर दुपार. छपरात अधेमधे उजेडाचे पत्रे होते, त्यामुळे आत लख्ख दिसत होतं.

वेल्डिंग करताना तोंडासमोर धरायच्या स्क्रीनला नवी काळी काच बसवली होती. ती कुठे चरे पडलेली नाही ना, हे आम्ही उन्हाकडे धरून बघतो. या काचेतून बाकी काही म्हणजे काहीही दिसत नाही. स्वतःचा हात दिसत नाही. सूर्य दिसतो, आणि वेल्डिंगची ठिणगी दिसते. बस्स.

मी छपराच्या पत्र्याकडे काच धरली. हिरवट, अंधुक असा उन्हाचा ठिपका दिसला. आणि त्याच्या खाली, डावीकडे... दुसरा ठिपका. जास्त तेजस्वी. हलणारा.

मी काच खाली केली. वर कुणी नव्हतं. उघडा बीम, खांब, पत्रे. आवाज नाही, धूर नाही. एरवी ती ठिणगी नुसत्या डोळ्यांनी चुकून पाहिली तरी रात्रभर डोळ्यांत वाळू टाकल्यासारखं होतं. इथे नुसत्या डोळ्यांना काहीच नव्हतं. परत काच लावली. ठिपका होता. खालून वर चढत होता, थोडा डावीकडे, थोडा उजवीकडे, थोडा डावीकडे... उभा सांधा मारताना कसलेला हात जसा झुलतो, तसा.

मी काही न बोलता स्क्रीन दिगंबरकडे दिली. मुद्दाम काही बोललो नाही. आपण सांगितलं की समोरच्याला तेच दिसतं, हे मला ठाऊक आहे.

त्याने काच डोळ्यांसमोर धरली. मग म्हणाला, "साहेब, वर कोण वेल्डिंग करायलंय?"

"कुठं?"

"त्या वहिनींच्या खांबावर. लाईट कुठाय पण?" त्याने काच खाली केली, वर पाहिलं, परत लावली. "आयला... हात चांगलाय की राव."

भीती वाटली का? तेव्हा नाही. मला आठवतं ते एवढंच, की मी मनात शक्यता मोजत होतो. आरशासारखं काही चमकतंय का, काचेत दोष आहे का, डोक्याला ऊन लागलंय का. काच फिरवून पाहिली, ठिपका जागेवरच राहिला. जागा बदलली, तरी तो त्याच सांध्यावर. मग तो वरच्या टोकाला पोचला आणि विझला.

आम्ही शिडी लावून चढलो. सांधा भरलेला होता.

मळी, म्हणजे थंड होताना सांध्यावर धरणारी खपली, अजून वरून सुटून पडत होती, चांगल्या सांध्याची आपोआप सुटते तशी. माझ्या खिशात तापमानाचा खडू होता. ठरावीक उष्णता असेल तरच तो वितळतो. मी टेकवला, तो तुपासारखा पसरला. दिगंबरने हात जवळ नेला आणि मागे घेतला. खाली मशीनची केबल जशी गुंडाळलेली होती तशीच होती.

आमच्याकडे एक पद्धत आहे. ज्याने सांधा मारला, तो शेजारी आपला नंबर पंचाने, म्हणजे लोखंडी ठशाने, ठोकतो. उद्या काही झालं तर माणूस सापडला पाहिजे. बहुतेक कारखान्यांत माणसाचं नाव फक्त पकडण्यासाठीच विचारतात, हे खरं आहे. पण तो नंबर माणसाचा मानही आहे. आम्ही दोघांनी बॅटरी लावून सांध्याच्या चारी बाजू पाहिल्या. पंच नव्हता.

वॉचमन म्हणाला, तुमच्याशिवाय कुणी आलं नाही. कॅमेरे लाईटबरोबर बंद. जनरेटरला डिझेल नव्हतं.

शुक्रवारी तात्या आले. त्यांनी आधी दिगंबरला शिव्या घातल्या, मग मला. मग आमच्या दोघांच्या तोंडाकडे नीट पाहिलं. टेस्टिंगवाल्याला बोलावलं. त्याने मशीन लावून सांधा आतून तपासला. शेवटी मशीनवरून मान वर करून म्हणाला, "कुणी मारलाय? मला त्याचा नंबर द्या, दुसऱ्या साइटवर पाहिजे." एकही दोष नव्हता.

"मंग झालं तर," तात्या म्हणाले. "दिगू, पंच मार तुजा."

"तात्या, हा दिगंबरने मारलेला नाही," मी म्हटलं.

"पास हाय का न्हाई?"

"पास आहे. पण कुणाचा आहे?"

"आरं बाबा, दान दिल्या गाईचं दात मोजतो का! कंपनीवाला रोज फोन करतोय, टेबलं कवा लावू म्हनून."

दिगंबर पंच आणि हातोडी घेऊन उभा होता. "साहेब, माझ्या नावावर एक इतका देखणा सांधा लागला तर काय बिघडंल?" तो हसत म्हणाला, पण हातोडी काही उचलत नव्हता.

मी एक दिवस मागून घेतला. त्या रात्री जेवताना वहिनीला सगळं सांगितलं. माझा भाऊ म्हणाला, तुम्ही दोघांनी काय घेतलं होतं? वहिनीने मात्र शांतपणे ऐकलं. ती दर शनिवारी मारुतीला तेल घालते, आणि त्यावरून मी तिची भरपूर चेष्टा केलेली आहे.

"वहिनी, सांधा शंभर टक्के चांगला आहे. मशीन सांगतंय. बसशील त्याच्याखाली?"

"कुणी केलाय?"

"तेच माहीत नाही. तात्या म्हणतात, देवाची कृपा समज."

"देवानं केला असेल ना, तर देवाला सही करायला सांगा भाऊजी," ती पोळी लाटता लाटता म्हणाली. "आमच्या डोक्यावर टनभर माल ठेवणार. उद्या खाली आला तर मी काय मारुतीवर केस करू?"

पत्रकांच्या गठ्ठ्यांमध्ये वाढून मला जे सुचलं नव्हतं, ते असं एका दमात पोळपाटावर निघालं.

सकाळी मी तात्यांना सांगितलं की तो सांधा मी पास करणार नाही, तो कापून काढायचा. ते शेडच्या दारापर्यंत गेले, परत आले. मग म्हणाले, "चांगलं हाय त्येच तोडायचं. तुज्या बापानं बी कंपनीत हेच केलं आसंल." पण ग्राइंडर त्यांनीच मागवला.

दिगंबरने सांधा कापला. सुरू करण्याआधी तो खांबाकडे बघून पुटपुटला, "माफ कर रं भावा, तुझ्यावर राग न्हाई." मी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. कापताना सांध्याच्या आत एकही भोक, एकही रेघ दिसली नाही. धातू इतका एकसारखा होता की शेवटी शेवटी मलाच बघवेना.

त्यातला एक तुकडा मी स्वतः लॅबला दिला, तो कुठला आहे हे न सांगता. रिपोर्टमध्ये धातूतल्या घटकांचं प्रमाण जे आलं, ते आमच्याकडून परत गेलेल्या स्वस्त वायरीचं नव्हतं. आम्ही मागवलेल्या, पण अजून वाटेतच असलेल्या वायरीशी ते जवळजवळ जुळत होतं. तशी वायर महाराष्ट्रात आम्हीच एकटे वापरतो असं नाही. पण त्या शेडमध्ये ती नव्हती, एवढं मी सांगू शकतो.

नंतर वायर आली. दिगंबरने तो सांधा नव्याने मारला, चार थर. टेस्टिंगवाल्याने तपासला, पास केला, नंबर मात्र मागितला नाही. दिगंबरने पंच ठोकला.

टेबलं परत लागली त्या दिवशी मी तिथे होतो. वहिनी खुर्ची सरकवून बसली, वर पाहिलं आणि विचारलं, "हाच का?"

"हाच."

"नंबर कुणाचा?"

मी शिडी उचलणाऱ्या दिगंबरकडे बोट केलं. तिने त्याला हाक मारली, "ओ भाऊ, जेवलात का?" आणि त्याचं उत्तर यायच्या आत डबा उघडला. तो संकोचून खांबाला टेकून उभ्यानेच जेवला.

मी मात्र त्या खांबाकडे बघत राहिलो. काच बदलून पाहिली आहे, लॅबला दुसऱ्यांदा विचारलं आहे, वॉचमनला चहा पाजून परत परत विचारलं आहे. वडिलांना सांगितलं, तर ते म्हणाले, पुरावा नसेल तर निष्कर्ष काढू नकोस. मी काढलेला नाही. त्या गुरुवारी लाईट नव्हती, वायर नव्हती, आम्ही दोघं खाली उभे होतो, आणि वर कुणीतरी, सुट्टीच्या दिवशी, उत्तम काम करत होतं. आम्ही ते तोडून टाकलं. त्याची हजेरी कुठेच लागलेली नाही.