मिस्त्रींनी मारलेले दगड

मिस्त्रींच्या हातचा गिलावा म्हणजे आरसा, असं बांधकामावरची माणसं म्हणायची. भिंतीवरून हात फिरवला तर तो कुठे अडायचा नाही. उभ्या हयातीत त्यांनी खड्डे भरले, भेगा बुजवल्या, पाण्याला आत शिरायला वाट म्हणून ठेवली नाही. पन्नाशी उलटल्यावर लग्न केलं, तेही एका गळतीपायीच. शिवणकाम करणाऱ्या एका बाईंच्या घरी मोरीची भिंत ओल धरत होती, ती दुरुस्त करायला गेले. भिंत खडखडीत सुकली तरी मिस्त्री "ओल परत आली का, बघून जातो" म्हणत येतच राहिले. शेवटी बाईच म्हणाल्या, "भिंतीला काही झालेलं नाही. तुमचं काय ते बोला."

लग्न झालं आणि बाईंबरोबर त्यांची मुलगी मिस्त्रींच्या घरी आली. पंचविशीची, पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरीला. तिचे वडील ती शाळेत असतानाच गेलेले. मुलीबरोबर तिची खाऱ्या पाण्याची काचेची टाकी आली. पांढऱ्या पट्ट्यांचे दोन नारिंगी मासे आणि टोपलीभर दगड. पहिल्या नोकरीपासून एकेक वस्तू जमवत तिनं ती टाकी उभी केली होती.

सामान हलवायच्या दिवशीच घोळ झाला. मासे आणि एक दगड बादलीत होते. बाकीचे दगड टबात, खाऱ्या पाण्यात बुडवून अंगणात ठेवलेले. मुलगी दुसरी खेप आणायला गेली होती. मिस्त्रींनी टबात डोकावून पाहिलं, तर दगड बुळबुळीत, शेवाळलेले, जांभळट डाग पडलेले. पोरीचं सामान नव्या घरात असं घाणेरडं यावं? फरशीवरचे सिमेंटचे डाग काढायचं ॲसिड घरात होतंच. तारेचा ब्रश घेऊन त्यांनी एकेक दगड पांढराशुभ्र होईतो घासला आणि सगळे कठड्यावर ओळीनं उन्हात वाळत घातले. आता ती येईल, खूश होईल, कदाचित 'काका' अशी हाकसुद्धा मारेल, असं मनाशी म्हणत हात पुसत उभे राहिले.

मुलगी आली. कठड्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आई, दगड मेले."

मिस्त्रींना ती थट्टाच वाटली. दगड त्यांनी फोडले होते, घडवले होते, पण एकही मारला नव्हता. मग बायकोनं त्यांना बाजूला घेऊन समजावलं. त्या दगडांच्या बारीक बारीक भोकांत डोळ्यांना न दिसणारे जीव राहतात. माशांची घाण तेच संपवतात, म्हणून पाणी चांगलं राहतं. ते जीव गेले की पाण्याचं विष होतं. आता उरला एकच जिवंत दगड, आणि त्याच्या एकट्याच्या जिवावर दोन मासे निभणं कठीण.

त्या दिवसापासून मुलगी मिस्त्रींशी बोलेनाशी झाली. भांडण नाही, आदळआपट नाही. जे काय असेल ते आईमार्फत. मिस्त्री समोर बसलेले असायचे आणि ती म्हणायची, "आई, त्यांना सांग, गॅस संपत आलाय." मग मिस्त्रीही आईलाच सांगायचे, "तिला सांग, आणतो." एकदा बायको वैतागली. "मी काय तुमची टेलिफोनची तार आहे?"

त्यातच मुलीनं फोनवर मैत्रिणीला सांगितलं, "अगं, त्यांनी माझे दगड मारले." शेजारच्या काकूंनी ते खिडकीतून अर्धवट ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी मिस्त्रींना रस्त्यात गाठलं. "पोर तुमची नसली म्हणून काय झालं? दगड मारावेत का कुणी?"

मिस्त्री मान हलवून पुढे निघाले. मारले तर होतेच.

मुलगी रोज कामावरून आली की पर्स टाकून बादलीत मीठ कालवायची, टाकीतलं थोडं पाणी काढायची, नवीन घालायची. मासे पाण्याच्या वरच्या थराशी येऊन तोंडांची उघडझाप करत असायचे. मिस्त्री दारातून बघत राहायचे. मासे मेले तर ही पोर या घरात जन्मभर पाहुणीच राहणार, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं.

"नवे दगड आणू या ना," त्यांनी बायकोला विचारलं.

"तिला नकोत. समुद्रातून उपटून आणतात म्हणे. लोक घरी सिमेंटचे करतात, तसे करून बघणार आहे."

"सिमेंटचे?" मिस्त्री ताठ बसले. "आणि मला विचारलं नाही?"

कृती बायकोमार्फत आली. सिमेंट, शिंपल्यांचा चुरा आणि जाडं मीठ. मीठ ऐकून मिस्त्रींनी कपाळाला हात लावला. वाळू खारी निघाली म्हणून ठेकेदाराशी हातघाईवर आलेला माणूस सिमेंटात मीठ घालेल? पोर आहे, चुकलं असेल तिचं. त्यांनी मीठ वगळलं. शिवाय दगडांना कायम पाण्यातच राहायचंय म्हणून आपल्याकडची वॉटरप्रूफिंगची पावडर घातली. वरून थापी फिरवली, ओला स्पंज फिरवला. डझनभर दगड झाले, एकाहून एक गुळगुळीत.

ताटात मांडून त्यांनी ते टाकीपाशी नेऊन ठेवले. मुलीनं एक उचलला, उलटा केला, नखानं खरवडून पाहिला. तिचे ओठ थरथरायला लागले. आता ही रडणार, असं वाटतंय तोच ती खो खो हसत सुटली.

"आई, त्यांना सांग, ह्या साबणाच्या वड्या आहेत!"

आई घरात नव्हती. दोरा आणायला गेली होती. दोघांनीही एकदम स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. निरोप मध्येच लोंबकळत राहिला.

"यात कुणी राहणार कुठे?" मुलगी शेवटी त्यांच्याकडे बघून म्हणाली. "आत जायला वाट नको? मीठ त्यासाठीच असतं. पाण्यात टाकलं की ते विरघळतं आणि त्याच्या जागी भोकं राहतात."

"म्हणजे बिघडवायचं?"

"पार बिघडवायचं."

सुट्टीच्या दिवशी दोघं अंगणात बसली. ओल्या वाळूत खळगे करून त्यांत मिठाचं मिश्रण ओतत, बोटांनी बोगदे पाडत. मिस्त्रींचा हात राहून राहून थापीकडे जायचा.

"ठेवा ती खाली."

"हात आपोआप जातो गं."

"मग हात मागे बांधून बसा."

बायको शिवणयंत्रावरून ऐकत होती. आपल्याला कुणी निरोप सांगत नाहीये हे तिच्या लक्षात आलं होतं. ती मुद्दामच उठली नाही.

दगड आकाराला आले, एकाहून एक बेढब. पण सिमेंटमधल्या चुन्याचा तिखटपणा उतरल्याशिवाय ते माशांजवळ नेता येत नाहीत. आठवड्यांमागून आठवडे ते साध्या पाण्याच्या पिंपात मुरत पडले. पाणी बदलायचं काम मिस्त्रींनी मागून घेतलं. मुलगी कागदाची पट्टी बुडवून रंग बघायची आणि मान हलवायची. "अजून नाही."

एके सकाळी दोनपैकी एक मासा तळाशी आडवा झालेला दिसला. कल्ला हलत होता, एवढंच. मुलगी कामाला निघून गेली होती. मिस्त्री पिंपापाशी गेले. दगड त्यांना तयार वाटत होते. हात पाण्यात घातला, एक दगड उचलला, पाणी निथळू दिलं. मग आणखी थोडा वेळ तसाच धरून, होता तिथे परत ठेवला. तिच्या प्रयोगशाळेत फोन लावला.

"एक मासा आडवा पडलाय. दगड टाकू का? तू म्हणशील तसं."

"नको. आज टाकले तर दुसराही जाईल. बादलीभर पाणी बदलाल? मीठ मोजून घाला. थांबा, मी सांगते तसं करा."

तिनं फोन ठेवला नाही. एका हातात फोन, दुसऱ्या हातात मग, असं मिस्त्रींनी पाणी बदललं. दुपारपर्यंत मासा सरळ झाला. त्यांनी परत फोन केला. "पोहतोय," एवढंच बोलता आलं.

पट्टीचा रंग उतरला तेव्हा सगळे दगड त्या एका जिवंत दगडाला खेटून रचले. मासे आधी लांबून गेले. मग एक जण बोगद्यात शिरला आणि पलीकडून बाहेर आला. काही महिन्यांनी एका नव्या दगडाच्या कुशीत टिकलीएवढा जांभळा डाग उमटला. मिस्त्रींनी या वेळी त्याच्याकडे ब्रशच्या नजरेनं पाहिलं नाही.

त्याच सुमारास मैत्रिणीनं टाकीचा फोटो पाहून फोन केला.

"विकतचे कुठले?" मुलगी म्हणाली. "आमच्या मिस्त्रींनी केलेत."

बायको यंत्र थांबवून कडाडली. "मिस्त्री काय म्हणतेस गं? घरातलं माणूस आहे ते!"

मुलगी ओशाळली. फोन कानापासून लांब धरून दोघांकडे बघत राहिली.

"मिस्त्रीच म्हणू दे," मिस्त्री बायकोला म्हणाले. "त्याच्या आधीचा शब्द नाही का ऐकलास तू?"

बायकोला पटकन उलगडा होईना. मुलगी मात्र खिडकीकडे तोंड करून फोनवर सांगायला लागली होती, मीठ जाडंच घ्यायचं म्हणून.