थंड जहाज

आज झरीच्या शेतात हुरड्याच्या आगटीतल्या राखेचा वास आला आणि मला जिंतूरचं गेमचं दुकान आठवलं. तिथल्या अंतराळयुद्धाच्या खेळात मी आणि माझा चुलतभाऊ संजू एका बाजूला होतो. माझ्या मागं क्षेपणास्त्र लागलं.

"इंजिन बंद कर. ते गरमी हुंगत यायलंय, थंड जहाज त्याला दिसत न्हाई," संजू म्हणाला.

मी बंद केलं. जहाज जागीच थांबलं आणि फुटलं. क्षेपणास्त्र संजूनंच सोडलं होतं. समोरच्या पोरांशी त्याचं आधीच ठरलेलं. सगळ्यांत मोठ्यानं तोच हसला.

खऱ्या अंतराळात तर निववायला हवाच नसते. इंजिन बंद केलं तरी जहाजाची धग लवकर लपत नाही, हे फार नंतर कळलं.

"बस हितं, राख निवलीय," आगटीतल्या राखेकडं हात करत आत्ता संजू म्हणाला.

मी राखेत ज्वारीचं वाळलं पातं खुपसलं. ते भपकन पेटलं.