प्रॉडक्ट रूलचा ठराव

शिरपूरकडच्या एका ज्युनिअर कॉलेजात मी तासिका तत्त्वावर गणित शिकवत होते. तास घेतला तर पैसे, ताप आला तर नशीब! नव्वदच्या आसपास तिथे एक कायम जागा निघाली. ही मिळाली नाही तर धुळ्याहून रोजची एसटी बंद आणि गणितही बंद, असं घरच्यांनी मला बजावलं होतं.

निवडीसाठी संचालक मंडळापुढे पाठ घ्यायचा होता. विषय प्राचार्यांनी दिला, प्रॉडक्ट रूल आणि क्वोशंट रूल, म्हणजे गुणाकाराचं आणि भागाकाराचं डेरिव्हेटिव्ह काढायचे नियम. प्राचार्य म्हणजे धुळ्याच्या कॉलेजातले माझेच जुने सर. हे नियम मला त्यांनीच शिकवलेले, आणि चुकलं की ते खडू फेकून मारायचे. त्यामुळे मी निर्धास्त होते.

अध्यक्ष कापसाच्या जिनिंगचे मालक. सगळे त्यांना नाना म्हणत. संस्थेत टाकीला रंग कोणता द्यायचा इथपासून गॅदरिंगला पाहुणा कोण आणायचा इथपर्यंत सगळं हात वर करून ठरायचं. नानांचा हात वर गेला की बाकीचे आपसूक जात.

मी फळ्यापाशी उभी राहिले. गुणाकाराचं डेरिव्हेटिव्ह काढताना पहिलं पद तसंच ठेवायचं, दुसऱ्याचं डेरिव्हेटिव्ह काढायचं, मग उलट करायचं आणि दोन्हींची बेरीज घ्यायची, एवढं सांगून होतंय तोच नाना म्हणाले, "बाई, हाई बठ्ठं कसाले, एवढी उठाठेव? दोन्हींचं वेगवेगळं काढा, गुणा, मोकळे व्हा!"

मी म्हटलं, "नाना, तसं चालत नाही. एक्स गुणिले एक्स घ्या. तुमच्या रीतीनं उत्तर येतं एक. पण एक्स वर्गाचं डेरिव्हेटिव्ह दोन एक्स, हे तर ठरलेलंच आहे."

"एक काय वाईट आहे? सुटसुटीत उत्तर!" बियाण्यांचं दुकान असलेले एक संचालक म्हणाले. बाकीच्यांनी माना डोलावल्या.

मी घाईघाईनं क्वोशंट रूलवर आले. वर वजाबाकी, खाली छेदाचा वर्ग. नानांनी कपाळाला हात लावला. "पोरं नापास का होतात ते आज कळलं! घ्या ठराव. दोन्ही नियम आपल्या कॉलेजात सोपे करून शिकवायचे."

"अहो, हे मतदानाचं नाही हो!" मी जवळजवळ ओरडलेच.

हात वर गेले. नानांचा, बियाणेवाल्यांचा, मग सगळ्यांचे. मी सरांकडे पाहिलं. सरांनी चष्मा काढला, पुसला, आणि हात वर केला.

"एकमतानं मंजूर," नाना म्हणाले. "बाई, तुम्ही असंच शिकवाल ना?"

"नाही," मी म्हटलं. पुढच्या उमेदवाराला आत बोलावलं गेलं. तो दारातूनच "हो नाना" म्हणत शिरला.

सर माझ्यामागे व्हरांड्यात आले. "तुझंच बरोबर होतं गं," ते म्हणाले.

"मग आत का नाही बोललात, सर?"

त्यांनी नाना बसले होते त्या ऑफिसच्या दाराकडे पाहिलं.

"हळू बोल," म्हणाले.