मयत इसमाचा टेलिफोन

निवृत्त होऊन जमाना झाला, पण ते प्रकरण आठवले की आजही कानाजवळचे केस उभे राहतात. डोक्यावरचे त्याच प्रकरणात गळाले.

मी तेव्हा फौजदार होतो. आवाज असा, की ठाण्यात खाकरलो तर कैक कोस लांबच्या आखाडा बाळापुरात म्हशी दावे तोडत. बाकीच्यांना मात्र टेलिफोन लागे, आणि तो मोजक्या आडत दुकानांतच होता. टेलिफोनच्या डब्याची दांडी फिरवली की टेलिफोन ऑफिसातल्या जोडणीच्या फळीवर त्या दुकानाच्या नंबराची छोटी झडप पडायची; मग ऑपरेटर विचारायचा, कोण पाहिजे.

एका दुपारी तो ऑपरेटरच धापा टाकत ठाण्यात आला.

"साहेब, हळदवाले शेठ फोन करून राहिले!"

"अरे, ते सिद्धेश्वर धरणात बुडाले ना? तेरावंही झालं."

"व्हय ना! दुकानाला कुलूप, अन् झडप रोज पडून राहिली. कानाला लावलं तर निस्ती घरघर. फळीला लिंबू बांधलंय मी."

बुडाल्याची खबर पुतण्याने दिली होती. प्रेत मिळाले नव्हते. त्याला चौकशीला बोलावले. माझ्या एका नजरेने दरोडेखोर न केलेले गुन्हेही कबूल करत, पण हा निवांत.

"काकाचा जीव दुकानात अडकला असंल, साहेब. भुताला काहून तकलीफ देता?"

भुताला भिणारा माणूस दाराकडे बघतो. हा किल्ल्यांचा खिसा दाबून बसला होता.

त्याला शिपायाच्या ताब्यात देऊन मी टेलिफोन ऑफिस गाठले आणि त्या दुकानाला घंटी दिली. बंद दुकानात कोणीतरी फोन उचलला. घरघर.

"फौजदार बोलतोय. जिवंत असाल तर दांडी एकदा फिरवा. मेला असाल तर दोनदा."

झडप पडली. ऑपरेटरने ती वर केली.

पुन्हा पडली.

ऑपरेटर खुर्चीखाली गेला. मी अर्थातच घाबरलो नाही. फक्त ते लिंबू सोडून खिशात घातले आणि जाऊन कुलूप तोडले.

हळदीच्या पोत्यांमागे शेठ पडले होते. अर्धांगवायूने वाचा गेलेली, उजवे अंग लुळे, डावा हात दांडीवर. पुतण्याला दुकान हवे होते, पण मारायची छाती नव्हती. दुकानातच झटका येऊन पडलेल्या शेठना आत कोंडून, बुडाल्याची आवई उठवून, रोज रात्री पाण्याचा तांब्या तेवढा ठेवून, तो त्यांच्या मरणाची वाट बघत होता. मुका माणूस फोन करून काय करणार, म्हणून डबा तिथेच राहू दिला.

दवाखान्यात वाचा थोडी परतली, तेव्हा मी विचारले, "शेठ, दोनदा काहून फिरवली?"

"भिंतीपलीकडं माझ्याच तेराव्याच्या पंगती उठल्या, साहेब. सगळं गाव जेवलं. कुलूप कुणी उघडलं न्हाई. म्हटलं, आता हेच बराबर."

पुतण्या तुरुंगात गेला. मी मात्र एक शिकलो: सगळ्यांनी मिळून माणसाला मेला ठरवले, की तो स्वतःही ते मानू लागतो. पुढे नोकरीभर, प्रेत नसलेल्या प्रकरणात 'मयत' लिहिण्याआधी मी त्या माणसाच्या दारात उभा राहून त्याला नावाने हाक मारत असे. शिपाई हसत. मी ओ येते का ऐकत थांबे.