सासूबाईंनी चहा सोडला

सुदानमध्ये युद्ध पेटलं तेव्हा माझा नवरा तिथल्या एका टाइल्सच्या कारखान्यात नोकरीला होता. तो तिकडे अडकला आणि इकडे बाळकुमच्या घरी सासूबाईंनी चहा सोडला. "तो घरात पाऊल टाकेपर्यंत थेंब घेणार नाही," असा नवसच बोलल्या. देवाचं माहीत नाही, मला मात्र घाम फुटला. दिवसाला पाच कप पिणारी बाई ती, तोही कढत. दुसऱ्याच दिवशी त्यांनी दूधवाल्याशी, लिफ्टशी आणि टीव्हीवरच्या बातमीदाराशी भांडण काढलं. मग माझ्या भाजीची पाळी आली.

आपल्या हवाईदलाची विमानं निघाली, जाताना औषधं नेतायत आणि येताना माणसं आणतायत, असं कळल्यावर माझा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात नवऱ्याचा फोन आला. त्याचा नंबर लागला होता, पण आपली जागा त्याने एका तान्ह्या बाळाच्या आईला दिली होती.

"पुढच्या खेपेला येतो गं," तो म्हणाला.

मी फोनवरच त्याला फैलावर घेतलं. घरातली खिडकीजवळची खुर्ची या माणसाने पाहुण्यालाही कधी दिलेली नाही, आणि दानधर्म सुचला तो गोळीबारात! पुढची खेप आलीच नाही तर? फोन ठेवून मी ओट्याशी उभी राहून रडले. मग डोळे पुसून सासूबाईंना सगळं सांगितलं. त्या नुसतं "बरं" म्हणाल्या आणि देवापुढे जाऊन काहीतरी पुटपुटल्या.

दोन दिवसांनी तो दारात उभा होता. दाढी वाढलेली, पायात कुणाच्या तरी चपला. सासूबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला. मी आलं घालून चहा केला आणि कप त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो खाली ठेवला.

"आणि ते बाळ?"

"कुठलं बाळ?"

"तुझ्या जागेवर बसलेलं. नवसात त्यालाही धरलंय मी. ते पोचल्याशिवाय कशी पिऊ?"

"अगं आई, पोचलं ते! सुदानमधून ते आधीच्या खेपेला जेद्दापर्यंत आलं, तिथून मुंबईला आम्ही एकाच विमानात होतो. हे बघ, माझ्यावर ओकलंय."

शर्टाच्या खांद्यावर पिवळट डाग होता. सासूबाईंनी चष्मा लावून तो पाहिला, वाकून वासही घेतला. मग साय धरलेला तो गार चहा घटाघटा प्यायल्या.

"साखर कमी आहे," मला म्हणाल्या.

मी हसत, डोळे पुसत दुसरं आधण ठेवलं.