हेल्मेट फुटलं पाहिजे

हेल्मेटं आपटणं हीच ज्यांची नोकरी, त्यांच्याकडे किस्से साचणारच. चौलजवळ पोफळीच्या वाडीला लागून आमची छोटी लॅब आहे. अपघात झाला तर लष्करी वैमानिकाचं डोकं हेल्मेट कितपत वाचवेल, ते आम्ही तपासतो. धातूच्या डोक्यावर हेल्मेट चढवायचं, उंचावरून लोखंडी ठोकळ्यावर सोडायचं आणि आत किती हादरा पोचला ते मोजायचं.

शेजारच्या वाडीतल्या काकूंना आवाजावरून वाटायचं, आम्ही नारळ फोडतो. शेवटी न राहवून त्यांनी विचारलंच, एवढ्या खोबऱ्याचं करता तरी काय?

एकदा पाहणीला आलेले अधिकारी तडकलेलं हेल्मेट बघून नाराज झाले. इतकं कच्चं कसं, म्हणाले. आमच्या प्रमुख देसाई मॅडम शांतपणे म्हणाल्या, "सर, दोघांपैकी एकाला फुटावं लागतं. आम्ही हेल्मेटला सांगून ठेवलंय."

मग कानाची बाजू भक्कम करायचं ठरलं. हेलिकॉप्टर कलंडलं की मार बरेचदा तिथेच बसतो. आतला फोम जाड केला, टेस्ट झकास पास! मॅडमनी ते हेल्मेट सकाळी घातलं ते संध्याकाळपर्यंत काढलंच नाही. जेवल्या त्यातच, मीटिंगही त्यातच. दुसऱ्या दिवशी वजनाने त्यांची मान वळेना. कुणी हाक मारली की अख्ख्या वळायच्या. डिझाइन रद्द. डोकं वाचेल, पण मान जाईल, म्हणाल्या.

फोमचं काम आगरदांड्याच्या सलीमभाईंकडे. हलका तरी दणका सोसणारा फोम जमेपर्यंत ढीगभर नमुने वाया गेले. त्यांचा आखातात, दोह्याला असलेला भाऊ फोनवर विचारायचा, एवढं बनवतोस तरी काय? "उशी," सलीमभाई सांगायचे. "आणि तिची कुणाला गरज पडू नये म्हणून दुआ पण मीच करतो."

अखेर फोम जमला, हेल्मेटं रवाना झाली.

गेल्या वर्षी एक तरुण वैमानिक आईला घेऊन लॅबमध्ये आला. उतरताना त्याचं हेलिकॉप्टर कलंडलं होतं. हेल्मेट कानापाशी चेपलेलं, तो मात्र धडधाकट. पालीच्या गणपतीचं दर्शन घेऊन दोघं थेट आमच्याकडे आले होते. प्रसाद वाटून झाल्यावर आईने विचारलं, आतला फोम कुणी केला? आम्ही त्या दिवशी फोम पोचवायला आलेल्या सलीमभाईंकडे बघितलं. ते मागे सरकायला लागले.

आई मुलाला म्हणाली, "वाक." मग सलीमभाईंना म्हणाली, "याच्या डोक्यावर हात ठेवा."

सलीमभाईंनी हात ठेवला. बराच वेळ उचलला नाही. कपाळावरून, कानामागून हळूहळू फिरवत राहिले. मग त्यांनी घसा खाकरला.

"माप बरोबर आहे," म्हणाले.